वेगवान मोटारीसाठी इंजिन ब्लॉकची निवड

इंजिनाचा ब्लॉक म्हणजे ज्या ओतीव ठोकळ्यात पिस्टन वरखाली होण्याची भोके, म्हणजेच बोअर, असतात, ज्याच्या अंगातून थंड करणारे पाणी खेळते आणि ज्याच्या बुडाशी मेन बेअरिंगांत क्रँकशाफ्ट फिरतो, तो भाग होय. वेगवान मोटार बांधताना टर्बोची, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची चर्चा आधी होते. पण टर्बो बदलता येतो, ब्लॉक फुटला तर सारेच इंजिन हातचे जाते.

या निवडीचा फार बोलका दाखला म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीचा आहे. पॉल रोशे यांच्या देखरेखीखाली १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनसाठी तयार झालेल्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनाचा आधार होता तो १९६० च्या दशकारंभी साध्या प्रवासी मोटारींसाठी आखलेला चार सिलिंडरांचा बिडाचा ब्लॉक, आणि त्यासाठी भरपूर धावलेल्या मोटारींतले जुने ब्लॉक मुद्दाम निवडले गेले. बीड साच्यात निवताना पातळ भाग आधी आणि जाड भाग मागाहून घट्ट होतो, त्यामुळे धातूच्या पोटात ताण अडकून राहतो. वर्षानुवर्षे तापून-निवून तो सैल पडला, की पुन्हा कापलेला बोअर आपला गोलावा सहसा सोडत नाही. याच इंजिनावर नेल्सन पिके १९८३ मध्ये जगज्जेते झाले, आणि पुढे पात्रता फेऱ्यांत त्याने हजार अश्वशक्तीचा टप्पा ओलांडला.

ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या निम्म्याहूनही कमी असल्याने मोटारीचे नाक हलके होते व वळणावर ती चपळ राहते, हे खरे. मात्र ते तापल्यावर जवळजवळ दुप्पट फुगते आणि ताठपणातही उणे पडते. म्हणून टर्बोचा दाब भरपूर वाढवायचा असेल, तर वजन सोसून बीडच घ्यावे. टोयोटा सुप्राचे तीन लिटरचे 'टू-जेझेड' इंजिन याच कारणाने नावाजले: ब्लॉक बिडाचा, सहा सिलिंडरांना सात मेन बेअरिंगे, आणि डेक, म्हणजे हेड बसते तो माथा, बंद घडणीचा, त्यामुळे बोअरच्या भिंतींना वरूनही आधार मिळतो.

तरीही नावाजलेल्या जातीचा प्रत्येक नग चांगला निघेलच असे नाही. ओतताना साच्यातला गाभा किंचित सरकला, तर भिंत एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ होते, आणि डोळ्यांना हे मुळीच दिसत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींच्या मापकाने प्रत्येक बोअरची जाडी वर, मध्ये, खाली आणि चहूबाजूंनी मोजून खडूने तिथेच लिहावी लागते. हेडचे बोल्ट आवळल्यावर बोअर मिलिमीटरच्या शतांश भागांनी वाकडा होतो, म्हणून जाणता कारागीर होनिंगपूर्वी, म्हणजे दगडाने बोअर घासून अखेरच्या मापावर आणण्यापूर्वी, डेकवर जाड पोलादी पाटा ठेवतो, त्याचे बोल्ट हेडइतक्याच जोराने आवळतो आणि मगच दगड आत सोडतो.