आधी पद्धत, मग आकडा



पापड लाटत असाल, भाकऱ्या थापत असाल, हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यात गणपतीला रंग देत असाल, तर काम चालू राहू द्या. मध्येच एकदा मी तुम्हाला दोन मिनिटांसाठी उठायला सांगणार आहे, तेवढं मात्र ऐका.

मी पेण आणि रोहा तालुक्यांत बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलायचं आहे ते सगळ्यांनी मिळून करायच्या जोराच्या व्यायामाबद्दल. मोबाईलवर गाणं लावायचं आणि त्याच्या ठेक्यावर उठाबशा, उड्या, हातपाय मारायचे. कुणी त्याला एरोबिक्स म्हणतं, कुणी झुंबा. आता गावोगावच्या समाजमंदिरात हे सुरू झालंय, आणि मला त्याचा आनंद आहे. पण सुरुवात मी माझ्या चुकीपासून करते.

दोन वर्षांपूर्वी पेणच्या खारेपाटातल्या एका गावात ग्रामसंघानं ठरवलं, की या ८ मार्चला नुसती भाषणं नकोत. सगळ्या गटांनी मिळून व्यायाम शिकायचा आणि महिला दिनाला करून दाखवायचा. कल्पना माझीच होती. मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. २० सेकंद जीव तोडून व्यायाम, १० सेकंद विश्रांती, असं ८ वेळा. चार मिनिटांत काम झालं! रोज संध्याकाळी तीसेक जणी जमायला लागल्या. कुणी साडी खोचून, कुणी गाऊनवर ओढणी बांधून, कुणी मुलीचा पंजाबी ड्रेस घालून. मी पुढे उभी राहून मोजायची. "सतरा, अठरा... अजून दोन! थांबायचं नाही!" जी थांबेल तिला बाकीच्या चिडवायच्या. मीही हसायची.

आठव्या दिवशी एक वहिनी यायच्या बंद झाल्या. वय ४६, तीन बाळंतपणं झालेली. मी घरी गेले. म्हणाल्या, "गुडघा धरलाय." चहा झाला. सासूबाई आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, गुडघा तर धरलाच आहे. पण खरं सांगू? उडी मारली की कपडे ओले होतात. एवढ्या बायकांत मध्येच थांबू कशी?"

मी बीए झालेली, सतरा प्रशिक्षणं घेतलेली. पण हे माझ्या मनातही आलं नव्हतं. नंतर एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, तर असा त्रास असणाऱ्या आणखी पाच जणी निघाल्या. पाचही जणी रोज येत होत्या, उड्या मारत होत्या आणि गप्प होत्या.

मग मी त्या चार मिनिटांच्या व्यायामाची माहिती काढली. त्याला ‘ताबाता’ म्हणतात. इझुमी ताबाता या जपानी शास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तो कुणावर केला होता माहीत आहे? शारीरिक शिक्षण घेणाऱ्या तरुण मुलांवर. तेही जागेवरच्या सायकलवर बसवून. त्यात उडी नव्हती, गुडघ्यावर आदळणं नव्हतं. तोच वेळ मी लावला लावणी करून कंबर मोडलेल्या बायकांना, लादीवर, अनवाणी पायांनी, उड्या मारायला.

एकटी असताना दुखलं तर आपण थांबतो. गटात मात्र शेजारीण थांबत नाही म्हणून आपणही थांबत नाही. म्हणून गटाच्या व्यायामात काळजी घेणं हे एकटीचं काम नाही, ते गटाचं काम आहे. आज मला हेच सांगायचं आहे.

आपल्याच भाषेत सांगते. गटात नवीन बाई आली तर पहिल्याच महिन्यात आपण तिला ५०,००० चं कर्ज देतो का? नाही. आधी नियमित बचत, मग छोटं कर्ज, ते फेडलं की मोठं. जोराचा व्यायाम म्हणजे शरीराकडून घेतलेलं कर्ज आहे. आधी दोन-तीन आठवडे रोज चालणं, हळू उठाबशा, हातपाय मोकळे करणं, ही बचत. मग वेग. उडी सर्वांत शेवटी, आणि तीही जिला झेपेल तिनंच.

काही जणी म्हणतील, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" लावणीत आपण तासन्‌तास एकाच बाजूला वाकतो. कारखान्यात मान खाली घालून बसतो. हंडा एकाच कमरेवर घेतो. ठरावीक अंगच झिजतं, बाकीचं तसंच राहतं. कंबरेला आणि मांड्यांना बळ आलं, तर तेच काम कमी दुखत होतं. त्यासाठी व्यायाम.

आता उठा. खुर्ची असेल तर खुर्चीपुढे, नाहीतर ओट्यापुढे किंवा पलंगापुढे पाठ करून उभ्या राहा. खुर्ची भिंतीला टेकलेली असू द्या, म्हणजे सरकणार नाही. पायांत खांद्याएवढं अंतर. हात समोर. आता हळूहळू बसा, आधी बूड मागे न्या, मग गुडघे वाका. टाचा जमिनीला टेकलेल्या. गुडघ्यांकडे बघा. ते एकमेकांकडे आत वळतायत का? वळू देऊ नका. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहिला पाहिजे. पाठ सरळ, मान खाली घालू नका. टेकलात? आता तोंडानं श्वास सोडत उठा. श्वास कोंडून उठायचं नाही.

असं पाच वेळा. सहाव्यांदा गुडघा आत वळायला लागला, पाठीला बाक आला, तर तुमचा आजचा आकडा पाच. शेजारणीचा वीस असला तरी तुमचा पाच. पद्धत मोडली की पुढची उठाबशी मोजायची नाही. उद्या सहा होतील. बसा आता.

दंडाचंही तसंच. जमिनीवर जमत नसेल तर भिंतीवर हात टेकवून करा. पाय भिंतीपासून हातभर मागे. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ. पोट लोंबत असेल किंवा बूड मागे राहत असेल, तर भिंतीच्या थोडं जवळ या.

उडीच्या जागी पाऊल टाका. आधी उजवा पाय बाजूला, मग डावा, हात वरखाली. घाम त्यानंही येतो. ज्या मुलींना उडी मारायची आहे त्यांनी आवाज ऐकावा. ‘धप्प’ असा आवाज आला तर उडी चुकली. गुडघे किंचित वाकवून, मांजरासारखं अलगद खाली यायचं. आणि लादीवर अनवाणी नाही. पायात तळ न घसरणारे बूट हवेत. बूट नसतील तर उडी नको, पावलं चालतील.

सुरुवातीला दहा मिनिटं हळू हालचाली करून अंग गरम करायचं. गावातली कबड्डीची पोरं मैदानात उतरण्याआधी काय करतात ते बघा. आधी पळतात, अंग मोकळं करतात, मग चढाई. आपण मात्र चुलीपुढून उठून थेट उड्या मारायला जातो. शेवटीही एकदम बसायचं नाही, पाच मिनिटं हळूहळू चालायचं.

किती जोर लावायचा? सोपी खूण आहे. व्यायाम करताना एक वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन-चार शब्दांतच दम लागतो, तो जोराचा. सुरुवातीला मध्यमच ठेवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. जोराचा असेल तर ७५ मिनिटं पुरतात. रोज जीव तोडायची गरज नाही.

आता वहिनींच्या त्रासाकडे येते. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब जाणं, हा त्रास बाळंतपणानंतर आणि पाळी जायच्या वयात पुष्कळ जणींना होतो. यात लाज नाही आणि ‘वयच झालं’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे हे होतं आणि त्यांना बळ देता येतं. लघवी आणि वारा रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे. पाचपर्यंत मोजेपर्यंत धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीन वेळा. पोट आणि मांड्या ताठ करायच्या नाहीत, श्वास चालू ठेवायचा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका. फरक पडायला तीनेक महिने लागतात. बसल्या जागी, कुणाला न कळता होतो. आता ऐकता ऐकताही करून बघा.

खाली जड वाटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर उड्या आणि जड ओझी बंद. पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. नुकतं बाळंतपण झालेल्या सुनेला उत्साहानं ओढत आणू नका. डॉक्टरांनी तपासून ‘चालेल’ म्हटल्याशिवाय नाही. गरोदर बाई, रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा आजार असलेली बाई, हिनंही आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट रक्ताची. रोह्याकडची एक मुलगी पोलीस भरतीसाठी आमच्या मुलींबरोबर सराव करायची. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं असतं, गोळाफेक असते. मे महिन्यातली सकाळ, त्यात तिचा उपवास. तिसऱ्या फेरीला भोवळ येऊन पडली. तपासलं तर हिमोग्लोबिन ८. बायकांचं ते किमान १२ हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागे ५४ जणींना रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी सगळ्या गटानं उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यायचा. बचत गटांच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आहेच, ते दप्तरात न ठेवता वापरू या. ती मुलगी गोळ्या घेऊन, नीट जेवून, चार महिन्यांनी पुन्हा धावायला लागली.

आपल्याकडची हवाही लक्षात घ्या. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरच व्यायाम करा, पाणी जवळ ठेवा, कडक उपवासाच्या दिवशी सुट्टी घ्या.

आता थांबायच्या खुणा. छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, एक शब्दही न बोलता येण्याइतका दम, सांध्यात कळ. लगेच थांबायचं. उन्हात कुणी बरळायला लागली, अंग तापलं, तर सावलीत न्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. छातीचं दुखणं थांबत नसेल तरी १०८. अति व्यायामानंतर एक-दोन दिवसांत अंग सुजून खूप दुखलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरी शेक घेत बसू नका. स्नायूंना मोठी इजा झाल्याची ती खूण असते आणि त्यानं मूत्रपिंडावर ताण येतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शेवटी, आम्ही आमच्या गावात केलेले चार नियम. एक, मोठ्यानं आकडे मोजायचे नाहीत. वेळ लावायचा, प्रत्येकीनं आपापल्या गतीनं करायचं. दोन, रोज पाळीपाळीनं दोन जणी व्यायाम न करता फक्त बघायला उभ्या राहतील. गुडघा, पाठ, श्वास एवढंच बघायचं आणि जवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं. तीन, प्रत्येक व्यायामाचा सोपा प्रकार आधी दाखवायचा. चार, कुणी ‘थांबते’ म्हणाली की का म्हणून विचारायचं नाही आणि चिडवायचं तर मुळीच नाही. सगळ्या गेल्यावर एकीनं तिच्या घरी डोकावायचं.

त्या वहिनी तीन महिन्यांनी परत आल्या. उड्या मारत नाहीत, पावलं टाकतात. बघायला उभं राहायची पाळी आली की सर्वांत बारीक नजर त्यांची असते. परवा मलाच म्हणाल्या, "ताई, तुमचा उजवा गुडघा आत येतोय." बघितलं तर खरंच येत होता.

येत्या बैठकीत हप्ता आणि दप्तर झालं, की पाच मिनिटं काढा आणि एकमेकींचे गुडघे बघा. पुन्हा भेटू. नमस्कार!