आधी पाय मोजा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण आज बोलणार आहे एका अळीवर. गच्चीवर मुळा लावते, तिथेच आमची ओळख झाली.

मुळा, मोहरी, कोबीच्या पानांना भोकं पाडणारी ही काळपट अळी तुमच्यातल्या शेतकऱ्यांनी पाहिली असेल. बोट लावलं की गोल होऊन खाली पडते, मेल्याचं सोंग घेते. दिसते फुलपाखराच्या अळीसारखी, पण कुळ मधमाशी-मुंग्यांचं. शास्त्रीय नाव अथालिया ल्युजेन्स प्रॉक्सिमा. आपण करवती माशी म्हणू, कारण मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा अवयव असतो. त्याने ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि आत एकेक अंडं घालते. फलन न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात!

साधारण आठवड्याभरात अळी बाहेर येते. सकाळ-संध्याकाळ खाते, उन्हाच्या वेळी लपते. पूर्ण वाढली की मातीत कोष करते. त्यातून नारिंगी अंगाची, धुरकट पंखांची माशी निघते आणि पुन्हा तेच चक्र.

आता मुद्द्याचं. कोबीवरच्या पतंगाच्या अळीसाठी बीटी जिवाणूचं औषध मिळतं. ते या अळीवर चालत नाही. अळी म्हणून तेच फवारलं तर पैसेही जातात आणि तोवर कोवळी रोपंही जातात. म्हणून आधी पाय मोजा. पुढचे तीन जोड सोडा आणि पोटाखालचे मांसल पाय बघा. फुलपाखरा-पतंगांच्या अळ्यांना ते सहसा पाच जोड्या किंवा त्याहून कमी असतात; हिला आठ जोड्या. थोडीच रोपं असतील तर सकाळ-संध्याकाळ अळ्या हाताने वेचाव्यात. शेतात उन्हाळी नांगरटीने मातीतले कोष उघडे पडतात. रोपं लहान असताना पाणी दिलं तर पुष्कळ अळ्या बुडून मरतात.

आमच्या कामात बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावत नाहीत. शेतातही तेच.

शाळेच्या परसबागेत या हिवाळ्यात मुळ्याचा एक वाफा फवारणीविना ठेवावा, अशी बाईंना विनंती आहे. मुलांसाठी वीस भिंगं मी सोबत आणली आहेत. पाय त्यांनाच मोजू द्या.