तेलाच्या कॅनवरची तारीख: बाबांचं एलडीएल आणि आमच्या घरचा स्वयंपाक

नेहमी ऐकणाऱ्यांना माहितीये की इथे आपण रिपोर्ट, ॲप, पगार, घरभाडं असं काय काय बोलत असतो. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलं की काय खायचं नाही याची यादी मिळते. ती यादी घरातल्या रोजच्या जेवणात बसवायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही. आज तेवढंच बोलू.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. त्यामुळे गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. मी सांगणारे ते आमच्या चार माणसांच्या घरातलं. आजी, आई, बाबा आणि मी. राहायला पिंपरी-चिंचवडमध्ये.

आधी रिपोर्ट. बाबांचं वय ५७, बीपीची गोळी चालू. टोटल कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड्स २१०, एलडीएल १६८. यातलं एलडीएल बऱ्याच लॅब थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. टोटलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइड्सला पाचने भागून तेही वजा. २४८ वजा ३८ वजा ४२, बरोबर १६८. हे सूत्र १९७२ सालचं आहे, आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की त्यावर भरवसा ठेवत नाहीत. तुमच्या आई-वडिलांचा रिपोर्ट हातात असेल तर करून बघा. आकडा कुठून येतो ते कळलं की त्याची भीती थोडी कमी होते.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं बदला, चाला, मग पुन्हा तपासू. धाकट्या काकांना ५२ व्या वर्षी हार्ट ॲटॅक येऊन गेलाय, त्यामुळे घरात कुणी हे हसण्यावारी नेलं नाही. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या भाज्या मागितल्या. आईने चार दिवस दोन-दोन भाज्या केल्या, एक बाबांची आणि एक बाकीच्यांची. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी काय खानावळ चालवतेय का? एकच भांडं चढेल. काय बदलायचंय ते त्या एका भांड्यात बदला."

माझ्या मते आजच्या भागातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. एका माणसाचं पथ्य हे घरातल्या बाईचं डबल काम असतं, आणि डबल काम तीन महिने टिकत नाही. शिवाय बाबांच्या समोर आपण बटाट्याची भजी खायची आणि त्यांनी दुधी गिळायचा, हे किती दिवस चालणार? म्हणून ठरलं: जेवण सगळ्यांचं एकच. रविवारचा स्वयंपाक माझा.

आता थोडं आतलं मशीन. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, यकृताचा त्यात मोठा वाटा. आणि रक्तातलं एलडीएल उचलून परत आत घेण्याचं कामही यकृतच करतं, त्याच्या पेशींवर त्यासाठी रिसेप्टर असतात. हे शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे साय, तूप, लोणी, डालडा, पामतेल, खोबरेल यांत जास्त असते ती, खूप झाली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. दुसऱ्या बाजूने, पाण्यात बुळबुळीत होणारा चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. नवीन पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते ते रक्तातून ओढतं. म्हणजे दोनच कामं: संपृक्त चरबी कमी, बुळबुळीत चोथा जास्त. तेलाच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं ना, त्याला काही अर्थ नाही. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं. पामतेलातही नसतं, पण त्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते.

मग आम्ही मोजायला लागलो. ताटात किती तेल गेलं ते कोण मोजणार? पण कॅन मोजता येतो. मी पाच लिटरच्या शेंगदाणा तेलाच्या कॅनवर मार्करने उघडल्याची तारीख टाकली. तो बरोबर तीस दिवसांत संपला. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पाच लिटर, चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलंय. आमचं तूप यात धरलेलंच नव्हतं, आणि बाहेरचं फरसाणही नाही.

आईला हे गणित दाखवलं तेव्हा ती आधी चिडली. तिच्या हाताला तेल मोजायची सवय नाही, अंदाजावर तीस वर्षं गेलीत. मग तिनेच उपाय काढला: किटलीतून थेट ओतायचं नाही, पळीऐवजी चहाच्या चमच्याने घ्यायचं, चार जणांच्या भाजीला तीन चमचे. पहिला आठवडा भाजी खाली लागली. मग झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची जुनी पद्धत परत आली. आजी म्हणाली, "आमच्याकडे तेल महाग होतं तेव्हा असंच करायचो." आता कॅन चाळीस दिवस जातो.

सगळ्यात अवघड गेलं ते दूध. आमच्याकडे दीड लिटर म्हशीचं दूध यायचं. त्यात ६ टक्के स्निग्धांश धरला तरी रोजचे ९० ग्रॅम, आणि दुधाच्या चरबीतला साधारण दोन तृतीयांश भाग संपृक्त. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला संपृक्त चरबीची वरची मर्यादा साधारण २२ ग्रॅम. म्हणजे चार माणसांची मिळून ८८, त्यातली ६० आमच्या दुधाच्या पातेल्यातच होती. चहात, दह्यात, आणि मुख्य म्हणजे सायीत.

पण साय हे आजीचं खातं आहे. तिचं वय ७९. रोजची साय डब्यात, आठवड्याने विरजण, रवी लावून ताक, मग लोणी, मग कढवणं. तूप कढताना त्यात विड्याचं पान टाकायचं आणि बेरी मला द्यायची. टोन्ड दूध आणलं तर ३ टक्के, डबल टोन्ड दीड टक्का. धड साय धरतच नाही. म्हणजे पिशवी बदलणं म्हणजे आजीचं घरातलं एक काम काढून घेणं. हे कुठल्याच डाएट चार्टमध्ये लिहिलेलं नसतं. आम्ही पंधरा दिवस हा विषयच काढला नाही. शेवटी आजीच म्हणाली, "धाकट्याला बघितलंय मी दवाखान्यात. आणा ते पाणचट दूध." आता रोज टोन्ड येतं. महिन्यातून एकदा दोन लिटर म्हशीचं येतं, आजीच्या तुपासाठी. ते तूप वरणभातावर, लहान चमचाभर, तेही रविवारी. बाकी दिवशी वरणाला लसणाची फोडणी. कोणी कितीही म्हणो की घरचं तूप बाधत नाही, चरबी तीच असते. चव चांगली असते हे मान्य.

सकाळच्या चहाबरोबर बाबांची खारी असायची. बेकरीतली खारी आणि पुड्यातलं फरसाण मागे वळवून वाचा, बहुतेकांवर पामोलिन किंवा वनस्पती दिसेल. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं, पण संपृक्त चरबी तशीच आहे. खारीच्या डब्यात आता फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे. डबा तोच, जागा तीच, त्यामुळे हात तिथेच जातो. शेंगदाण्याला लोक उगाच घाबरतात. त्यातली चरबी बहुतांश असंपृक्त असते. मूठभर खा, पुडाभर नको.

आता भर घालायची बाजू, ती मला जास्त आवडली. टोरंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ साली एक प्रयोग छापला. एलडीएल कमी करणारे पदार्थ एकत्र करून महिनाभर लोकांना खायला दिले, आणि एलडीएल सुमारे २८ टक्के उतरलं. त्यांच्या यादीत ओट्स आणि बदामासोबत काय होतं माहितीये? भेंडी, वांगं, जव आणि इसबगोल! आणि आपण भेंडीचा बुळबुळीतपणा घालवायला चिंच-कोकम शोधत असतो. अर्थात तिथे सगळं जेवण तयार देत होते. २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी पाठवलं, तेव्हा घट सुमारे १३ टक्के आली. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा.

आमच्याकडे ओट्सचा उपमा एकदा झाला, परत झाला नाही. बाबा म्हणाले, "पोस्टरची खळ आहे." मग पाच किलो गव्हात एक किलो जव आणि अर्धा किलो हरभरा घालून दळण आणलं. पोळी थोडी जाड होते, पीठ जास्त वेळ मुरवावं लागतं, एवढंच. ओट्स भाजून थालीपिठाच्या भाजणीत गेले, तिथे ते कुणाला कळतही नाहीत. डाळी-कडधान्यांसाठी त्याच मार्गदर्शिकेत माणशी ८५ ग्रॅम कच्ची असं आहे, म्हणजे आमच्या घराला रोज ३४०. आमचं वरण होतं शंभर ग्रॅम तुरीचं, बाकी पाणी. आता एक वेळ वरण, एक वेळ उसळ: मटकी, हुलगे, चवळी, मसूर. हे हळूहळू वाढवा हं. आजीला पहिल्या आठवड्यात पोटात वारा धरला. भिजवलेलं पाणी फेकणं, हिंग, ओवा, आणि मोड आणून चांगलं शिजवणं याने निभावलं.

ट्रायग्लिसराइड्सची गोष्ट जरा वेगळी. ते साखर, मैदा, भाताचा डोंगर आणि दारू यांनी वाढतात. बाबा पीत नाहीत. चहाची साखर निम्मी झाली आणि रात्रीचा भात एका वाटीवर आला. एवढ्यावर सोडते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट: टोटल २१७, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड्स १६०, एलडीएल १४६. बावीसने उतरलं, म्हणजे १३ टक्के. आम्ही खूश. डॉक्टर म्हणाले, "छान, पण बीपी आहे, भावाची हिस्टरी आहे, मला १०० च्या खाली हवंय." आणि स्टॅटिनची गोळी सुरू केली.

बाबांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात हे गोळी विरुद्ध जेवण असंच होतं, आणि जेवण हरलं असं वाटलं. "मग हे सगळं कशाला केलं?" असं त्यांनी गाडीत दोनदा विचारलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला इंजिनियर म्हणून फार पटलं. स्टॅटिनचा पहिला डोस मोठं काम करतो, पण त्यानंतर डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण आणखी ६ टक्केच उतरतं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराने जे १३ टक्के काढले, ते गोळीने भरून काढायला डोस दोनदा दुप्पट करावा लागला असता. दोन महिन्यांनी एलडीएल ९२ आलं, छोट्या डोसवर. ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे त्यांच्यात दोष बरेचदा रक्तातून आलेला असतो. तिथे फक्त भेंडीवर विसंबून गोळी टाळू नका, आणि घरातल्या भावंडांची, मुलांचीही तपासणी करून घ्या. माझी मी केली, ११२ आलं.

आता प्रश्न दिवाळीचा आहे. बैठकीत आईचं म्हणणं, चकल्या निम्म्या करू आणि शेव विकत आणायची नाही. आजीचं म्हणणं, चिवडा भाजक्या पोह्यांचा आणि अनारसे मात्र तुपातलेच, वर्षातून एकदा. बाबा काही बोलले नाहीत, फक्त अनारशांचं नाव निघाल्यावर वर बघितलं. तळणीला नवा कॅन उघडणार आहोत, तारीख घालून. किती उरतं ते पुढच्या महिन्यात सांगते. भेटू!