संगणकाचा मुनीम

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या आडतीत मुनीम वही कशी तपासत? आडव्या ओळीची बेरीज, उभ्या रकान्याची बेरीज. जी ओळ आणि जो रकाना जुळत नाही, त्या दोहोंच्या भेटीच्या जागी चूक!

संगणकाच्या मेमरीतही चुका होतात. तिथे सारे काही शून्य आणि एक, म्हणजे बिट, या रूपात असते. चिप सदोष झाली किंवा अवकाशातून आलेला कण आदळला, की एखादा बिट उलटतो. २००३ साली बेल्जियममध्ये मतमोजणीत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त दिसली. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. बिट उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. तोच बिट बँकेच्या खात्यात उलटला, तर ५००० रुपयांचे ९०४ होतील, आणि गाजावाजा न होता!

यावर रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये तोड मांडली. आज सर्व्हरच्या मेमरीत साधारणपणे ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीसाठी असतात. एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००६ पासून ‘ईडॅक’ ही सोय आहे. कोणत्या मेमरीपट्टीत किती चुका झाल्या, याची ती नोंद ठेवते.

घरच्या संगणकात बहुधा ही मेमरी नसते. पण पतसंस्थेने, महाविद्यालयाने सर्व्हर घेताना ती जरूर मागावी. आणि ती नोंद कोणीतरी वाचावी. दुरुस्त झालेली चूकही पट्टी बदलण्याची सूचना असू शकते. वही लिहिली, पण उघडलीच नाही, तर मुनीम ठेवून काय उपयोग?