मोजक्या सामानाचा सर्व्हर



‘क्लाउड’ ह्या शब्दामुळे पुष्कळांचा असा समज होतो की, आपली माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत असते. वस्तुतः ती एखाद्या वातानुकूलित इमारतीत ओळीने मांडलेल्या संगणकांवर असते. अशा एका मोठ्या संगणकाची स्मृती आणि गणनशक्ती विभागून तिचे भाग निरनिराळ्या भाडेकरूंना दिले जातात, आणि प्रत्येकाला आपल्यापाशी स्वतंत्र संगणक असल्यासारखे काम करता येते. ॲमेझॉन कंपनीने अशी सेवा २००६ साली खुली केली. मुंबई विभागात ती २०१६ पासून मिळते. ही जागा भाड्याने घेताना पहिला प्रश्न येतो तो हा की, तेथे बिऱ्हाड कोणते मांडावयाचे. कार्यप्रणाली आणि तिच्या जोडीच्या आज्ञावल्या एकत्र बांधून तयार ठेवलेल्या साच्याला ‘इमेज’ असे म्हणतात. त्या एका साच्यावरून हवे तितके सर्व्हर थोड्या वेळात उभे राहतात. हा साचा शक्य तितका लहान का असावा, हाच आजचा आपला विषय आहे.

फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, जगापुढे ठेवला. ह्या गाभ्याभोवती इतर आज्ञावल्या रचून जे संच सिद्ध होतात त्यांना वितरणे म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे त्यांपैकी एक. ब्रूस पेरेन्स ह्यांना १९९५ साली डेबियनच्या स्थापनेसाठी एकाच फ्लॉपीवर मावेल अशी चालती प्रणाली हवी होती. त्यांनी अनेक लहानलहान आज्ञावल्या एकाच आज्ञावलीत सामावल्या आणि तिला ‘बिझीबॉक्स’ हे नाव दिले. पुढे आलेल्या अल्पाइन लिनक्सने ह्याच बिझीबॉक्सचा आधार घेतला. कंटेनरसाठी असलेली त्याची मूळ इमेज, जिच्यात गाभा नसतो, ती दाबलेल्या रूपात अवघी काही मेगाबाइट भरते.

पेरेन्स ह्यांच्यापुढे जागेची टंचाई होती. आज साठवणीची जागा स्वस्त झाली आहे. मग ही काटकसर कशासाठी, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर २०२४ च्या मार्च महिन्यातील एका घटनेत सापडते.

अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस ह्या माहितीसंग्राहक प्रणालीवर काम करणारे अभियंता. आपल्या चाचणीच्या यंत्रात दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले. एवढ्याशा विलंबाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि ‘एक्सझेड’ ह्या, धारिका दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला असल्याचे उघडकीस आणले. तो बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरून विश्वास संपादन केला होता.

आता प्रश्न असा की, धारिका दाबण्याच्या आज्ञावलीचा सर्व्हरच्या प्रवेशद्वाराशी संबंध काय? मूळ ओपनएसएसएचला तिची मुळीच गरज नव्हती. परंतु काही वितरणांनी, सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टमडी ह्या व्यवस्थापकाला मिळावी म्हणून, प्रवेशद्वाराला त्याचे एक ग्रंथालय जोडले होते, आणि त्या ग्रंथालयामागून एक्सझेडचेही ग्रंथालय आत येत असे. एका लहानशा निरोपासाठी एवढा लवाजमा घरात आला होता! त्याच वर्षी ओपनएसएसएचच्या कर्त्यांनी ती वर्दी देण्याची सोय स्वतःच्याच मोजक्या ओळींत केली. सुदैवाने ह्या आवृत्त्या बहुतांशी चाचणीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या आणि डेबियनची स्थिर आवृत्ती त्यातून वाचली.

म्हणून लहान इमेजचा खरा लाभ असा की, आपल्या घरात कोण राहते हे मालकाला सांगता येते. भाड्याच्या आभासी संगणकाला ध्वनी, छपाई वा बिनतारी जाळ्याची सामग्री लागत नाही. डेबियनने तर अशा संगणकांसाठी प्रत्यक्ष यंत्रसामग्रीचे पुष्कळसे चालक वगळून निराळा गाभाच सिद्ध केला आहे. जी सेवा बाहेरून कोणी मागणार नाही तिने जाळ्यावर कान देऊन बसू नये. आणि प्रत्येक जोडीव आज्ञावलीबद्दल ‘ही कोणासाठी आली?’ असे विचारावे.

काही गोष्टी साच्यात नसणे हेच महत्त्वाचे असते. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी एक गुप्त किल्ली असते. ती साच्यातच राहून गेली, तर त्यावरून निघालेल्या शंभर सर्व्हरांची किल्ली एकच होते. म्हणजे शंभर घरांना एकच कुलूप! ह्यास्तव ती किल्ली पहिल्या आरंभाच्या वेळी, ज्याच्या त्याच्या घरी घडवावी लागते. हे काम बहुधा ‘क्लाउड-इनिट’ ही आज्ञावली करते. अनेक क्लाउडांत ती १६९.२५४.१६९.२५४ ह्या ठरीव पत्त्यावर विचारणा करून यंत्राचे नाव, मालकाची सार्वजनिक किल्ली इत्यादी माहिती मिळवते.

तथापि काटकसरीचाही अतिरेक होऊ शकतो. मध्यरात्री सेवा बंद पडावी आणि दोष शोधण्याचे एकही हत्यार यंत्रात नसावे, ही अवस्था कठीणच. अल्पाइनमध्ये तर सी भाषेचे मूलभूत ग्रंथालयही नेहमीचे नसून ‘मसल’ नावाचे आहे. त्यामुळे इतर वितरणांसाठी बांधलेल्या आज्ञावल्या तेथे अडू शकतात. म्हणून नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची आणि जाळे तुटले तरी आत डोकावता येईल अशा कन्सोलची व्यवस्था आधीच करून ठेवावी. इमेज कितीही लहान असली तरी ती जुनी होते, हेही विसरू नये. दुरुस्त्या आल्या की साचा नव्याने बांधावा, त्यावरून नवा सर्व्हर उभा करावा आणि मगच जुना मोडावा.

शेवटी एवढेच सांगतो. एक्सझेडची देखभाल मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक करीत होता, आणि चोराला शिरकाव मिळाला तो तेथूनच. आपण आपल्या सर्व्हरवर जी आज्ञावली ठेवतो, तिच्यामागे असाच कोणीतरी माणूस असतो. यादी आखूड असली, तर निदान त्यांची नावे आपल्याला ठाऊक राहतात आणि त्यांच्यातील कोणाला साहाय्याची गरज आहे हेही कळते.