आधी कंट्रोलर बघा

गारगोटीत मौनी विद्यापीठाच्या आयसीआरईत शिकणाऱ्या आणि इथल्या गॅरेजांत राबणाऱ्या पोरांशी आज बोलायचंय. छोटी इलेक्ट्रिक ड्रॅग गाडी करायची म्हटलं की तुम्ही पहिल्यांदा विचारता, मोटार किती किलोवॅटची? पोरांनो, आधी कंट्रोलर बघा.

ड्रॅगची शर्यत बरीचशी सुटतानाच ठरते. मोटारीचा टॉर्क अँपिअरवर आणि अँपिअर कंट्रोलरच्या हातात. उसानं भरलेली गाडी चढाला उभी आहे. बैल खिल्लार, पण गाडीवानानं कासरा आखडून धरलाय. गाडी हलेल का? ते बैल म्हणजे तुमची मोटार, कासरा म्हणजे कंट्रोलर. चढापुरते बैल ताकदीबाहेर ओढतात, सपाटीला दम घेतात. मोटारीतलं तांबं-लोखंड जड, तापायला वेळ घेतं, म्हणून काही सेकंद ती जादा भार सोसते. कंट्रोलरमधले मॉसफेट मात्र क्षणात जळतात. कासराच तुटला तर बैल कितीही तगडे असोत, गाडी खड्ड्यात!

हिशेब करा. चालकासकट गाडी २५० किलो, मागच्या चाकांवर १५० किलो. पकड चांगली असेल तर जमिनीवर साधारण १४७० न्यूटन जोर लागू होतो. चाकाची त्रिज्या २३ सेंटिमीटर, म्हणजे अॅक्सलवर सुमारे ३४० न्यूटन-मीटर. चेनचं गुणोत्तर पाचास एक धरलं तर मोटारीला ६८ हवेत. मोटार अँपिअरमागे ०.१५ न्यूटन-मीटर देत असेल, तर साडेचारशे अँपिअर लागले. आता सांगा, तुमचा कंट्रोलर तेवढे देतो का?

हे अँपिअर फेजचे, म्हणजे कंट्रोलरकडून मोटारीत जाणारे; बॅटरीचे नव्हेत. सुटताना मोटार जवळपास थांबलेली असते; बॅटरीतून थोडे निघतात, फेजमधून कितीतरी जास्त जातात. दुकानदार नुसता आकडा सांगेल. तुम्ही विचारायचं: फेजचे की बॅटरीचे? आणि किती सेकंद?

कोइमतूरला कारी ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत प्रवेगाची धाव ७५ मीटरची. झुरिचच्या विद्यार्थ्यांची गाडी २०२३ मध्ये ०.९५६ सेकंदांत शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगावर गेली; चारही चाकांना स्वतंत्र मोटार होती आणि प्रत्येकीचा टॉर्क वेगळा सांभाळलेला. म्हणजे पुन्हा कंट्रोलरच!

आणि कोल्हापूर रस्त्यावर शर्यत लावायची नाही, बंद ट्रॅकवरच. फ्यूज बॅटरीजवळ हवा, बंद करायचं बटण चालकाच्या हाताशी हवं, कॉन्टॅक्टर तर... पण वेळ संपत आली. त्यावर पुन्हा कधीतरी. तोवर खरेदीला निघण्याआधी वहीत लिहून ठेवा: फेज अँपिअर किती, किती सेकंद. उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.