नंदादेवीच्या वाटा आणि त्यांची राखण

(शिक्षक व ग्रामस्थांच्या मेळाव्यातील भाषण)



वाटा ठाऊक असूनही १९८३ पासून ज्याच्या आतल्या खोऱ्यात गिर्यारोहकांस प्रवेश नाही, अशा एका शिखराविषयी आज बोलावयाचे आहे.

उत्तराखंडातील ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी हे संपूर्णतः भारताच्या हद्दीत असलेले सर्वोच्च शिखर होय. त्याच्या सभोवती उंच शिखरांचे कडे आहे. ते भेदून फक्त ऋषिगंगा पश्चिमेकडे बाहेर पडते. तिच्या भयंकर घळीतून १९३४ साली शिप्टन व टिलमन तीन शेर्पांसह प्रथम आत पोहोचले. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व ओडेल दक्षिण धारेने माथ्यावर गेले. १९३९ मध्ये पोलिश पथकाने ७,४३४ मीटरचे पूर्व शिखर सर केले. १९७६ साली भारत-अमेरिकी पथकाने उत्तरेकडून नवी वाट काढली, तर भारत-जपानी पथकाने दोन शिखरांमधील धार पार केली.

परंतु वाट सापडली की पावले वाढतात. पथकांमागून भारवाहक आले. जळणासाठी झुडपे तुटली, कचरा साचला. म्हणून १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढील वर्षी गिर्यारोहण व चराई बंद झाली. १९८८ साली जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद झाली.

या बंदीची किंमत मात्र लाता, रैणी यांसारख्या गावांनी मोजली. त्यांची कुरणे गेली, हमालीची मिळकत गेली. आणि हेच ते रैणी, जेथे मार्च १९७४ मध्ये गौरादेवींसह स्त्रियांनी झाडांना कवटाळून जंगल वाचविले! ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराचा खडक व हिम कोसळून ऋषिगंगेला महापूर आला. त्यात या खोऱ्यातील व खालच्या धौलीगंगेकाठची दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. राखण केली म्हणून डोंगर गावाला अभय देतोच, असे नाही.

मोले येथील राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस हे परके वाटू नये. अधिकाऱ्यांनी सीमा आखण्यापूर्वी त्या रानावर कोणाची चूल पेटते, हे विचारावे. शिक्षकांनी मुलांना शिखराच्या उंचीबरोबर पायथ्याच्या गावाचे नावही शिकवावे. ग्रामस्थांनी आपले रान आपले म्हणून जपावे. गावाला सोबत घेऊन केलेली राखणच टिकते, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.